तावदानं काढलेलं सभागृह

माझ्या आत्याला सगळी गल्ली भोंगा म्हणायची. तोंडावर म्हणायची आणि आत्याला त्याचा राग यायचा नाही. आवाजच तसा होता. दुकानाच्या पायरीवर उभं राहून ती नुसतं "चौकट कुठाय?" म्हणाली, की गल्लीच्या पार त्या टोकाचा सुतार हातातलं काम टाकून धावत यायचा. पण एकट्या तिलाच का नावं ठेवा? आमच्याकडे सगळेच मोठ्याने बोलायचे. पाहुणा आला की त्याला वाटायचं, या घरात भांडण चाललंय. आणि आम्ही बिचारे त्याला साखर किती घालू, एवढंच विचारत असायचो.

कारण डोक्यावर विमानं होती. शहराचा मोठा विमानतळ आमच्या वस्तीला लागूनच, आणि उतरणारं प्रत्येक विमान आमच्या छपरांवरून जायचं. इतकं खाली, की पोटाखालची चाकं उघडताना दिसायची. आधी सावली यायची, भिंतीवरून झर्रकन सरकायची, मग आवाज. कपात चहा ओतावा, तो गार व्हायच्या आत पुढचं विमान हजर. गेलेल्याची घरघर पुरती विरायच्या आत येणाऱ्याची सुरू. मधे शांतता अशी नसायचीच. आम्हाला ते कळतही नव्हतं. माशाला पाणी कळतं का?

आत्याचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं बसवायची. काम तिने आजोबांकडून उचललं होतं. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायची, "आला होता एक मागणी घालायला. नेमकं वरून विमान गेलं. तो काय बोलला मला ऐकूच आलं नाही, आणि पुन्हा सांगायची त्याची हिंमत झाली नाही." हे सांगून स्वतःच गडगडाटी हसायची. विमानांच्या हादऱ्याने खिडक्यांची पुट्टी सुटायची, तावदानं खुळखुळायची, आणि तिला काम मिळायचं. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, विमानतळावर सामान चढवायच्या कामावर होते. म्हणजे आमचं घर दोन्ही हातांनी विमानतळाचंच खात होतं. खाली दुकान आणि त्यामागच्या खोलीत आत्या आणि आजी, वर आई, बाबा आणि मी.

आजी शांत बाई. दिवसभर खिडकीशी बसून काहीतरी निवडायची, शिवायची, उसवायची. तिचे ओठ सारखे हलत असायचे. म्हातारपणी लागते एखादीला पुटपुटायची सवय, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग एके दिवशी विमानं थांबली.

कुठल्याशा लांबच्या बेटावर ज्वालामुखी फुटला होता. त्याची राख वाऱ्याबरोबर आमच्या आकाशात आली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आभाळ होतं तसंच निळं होतं, पण विमानाच्या इंजिनाला ती राख बाधते म्हणे. सगळी उड्डाणं रद्द. बाबांना घरी यायलाच मिळालं नाही. अडकलेल्या प्रवाशांच्या सामानाचे डोंगर झाले होते. ते तिकडेच राहिले, तिकडेच खाल्लं, पेट्यांच्या रांगेमागे अंग टाकलं.

पहिल्या दिवशी नक्की काय बिघडलंय तेच कुणाला उमजेना. सकाळी आई गॅलरीतून समोरच्या शिंपीणबाईंना म्हणाली, "दूध आलं का हो?" आणि स्वतःच दचकली. तिचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला होता. शिंपीणबाई तितक्याच जोरात "आलं!" म्हणाल्या आणि त्याही कावऱ्याबावऱ्या झाल्या. दुपारपर्यंत सगळी गल्ली कुजबुजायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. देवळात शिरल्यावर माणूस आपोआप हळू बोलतो ना, तसं.

आणि काय काय ऐकू यायला लागलं! गल्लीखालच्या मोरीतून पाणी वाहतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सुताराच्या रंध्याचा आवाज. कुणाच्या तरी पायातली करकरणारी चप्पल. झाडावर पक्षी होते. म्हणजे असणारच की, दिसायचे रोज, पण ते एवढं बोलतात? शिंपीणबाईंचा नवरा बायकोला लाडाने काय हाक मारतो, ते सगळ्या गल्लीला कळलं. बिचारा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. लोक खुर्च्या बाहेर काढून नुसते बसले होते. चेहऱ्यावर अशी नवलाई, जणू कुणीतरी आमच्या कानांत साचलेलं पाणी काढून टाकलं होतं.

त्यातल्याच एका दिवशी आत्या आजीच्या खोलीतलं तावदान बदलत होती. मी खाली चौकट धरून उभी. आत्या जुनी पुट्टी खरवडत होती आणि मधेच तिचा हात थांबला.

"रेडिओ लावलाय का गं?" तिने विचारलं.

"नाही."

आम्ही दोघींनी एकदमच वळून पाहिलं. आजी मांडीवरचं कापड उसवत होती आणि गात होती. पुटपुटत नव्हती, गात होती. आवाज बारीक, पण सुरेल. एखादी जुनी पितळी घंटा लांबून वाजावी तसा स्वच्छ. शब्द पूर्ण होते. रात्र, पाळणा, दूर गेलेला बाप, असं काहीतरी. एक कडवं संपलं की ती क्षणभर थांबायची, श्वास घ्यायची, आणि पुढचं धरायची.

आत्या शिडीवरून खाली उतरली. मी तिला इतक्या हळू उतरताना कधी पाहिलं नव्हतं.

"आई, तू गातेस?"

आजीने मान वर केली. तिलाच नवल वाटलं. "मी? मी तर रोजच गाते."

"रोज?"

"तू पोटात होतीस तेव्हापासून. का गं? तुम्हाला ऐकू येत नाही होय?"

आत्या जमिनीवर, तिच्या पायाशी बसली. पन्नाशीची, पुट्टीने हात माखलेली बाई, शाळकरी मुलीसारखी मांडी घालून. आजी एकामागून एक गात गेली. बहिणी-बहिणी मिळून गायचो, म्हणाली, लग्नाआधी. या घरात आल्यावरही सोडलं नाही. कुणी काही बोललं नाही तेव्हा वाटलं, यांना आवडत नसेल, पण चालतंय. म्हणून गात राहिले. हे ती काहीही तक्रार न करता सांगत होती. एवढं आयुष्य आमच्यामधे बसून एक बाई गात होती, आणि आम्हाला वाटत होतं की तिचे नुसते ओठ हलतात.

राख ओसरली. पहिलं विमान आलं तेव्हा आत्या दुकानात काच कापत होती. सावली आली, मग आवाज. वस्तीत काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, कारण अर्ध्या घरांची चूल त्यावर पेटायची. आत्या हातातली काच कापायची हिरकणी ठेवून मागच्या खोलीत गेली. मीही गेले. आजी खिडकीशी बसली होती. तिचे ओठ हलत होते, आणि काहीही ऐकू येत नव्हतं.

आत्या तिच्या पायाशी बसून त्या ओठांकडे बघत राहिली.

बाबा घरी आले तेव्हा आम्ही त्यांना सांगितलं. ते थकून चूर झाले होते. म्हणाले, "ताई, आई पुटपुटते. तुम्हाला शांततेची सवय नाही, भास झाला असेल." आणि जेवून झोपले.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत तिसऱ्या धावपट्टीची बातमी आली. वस्तीच्या खालच्या अंगाच्या गल्ल्या पाडायच्या, तिथे नवी धावपट्टी. आमची गल्ली वाचणार होती, पण विमानं आणखी खालून आणि जवळजवळ दुप्पट येणार होती. विमानतळाच्या कंपनीचा एक अधिकारी आत्याकडे आला. सभ्य, तरुण, बोलायला गोड. म्हणाला, उरलेल्या प्रत्येक घराला आम्ही जाड दुहेरी तावदानं फुकट बसवून देऊ, आणि ते सगळं काम तुम्हीच करायचं. आत्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होतं ते.

"म्हणजे खिडक्या कायमच्या बंद," आत्या म्हणाली.

"आत अगदी शांत होईल."

"झाकण लावलेल्या बरणीतही शांतच असतं हो. पण माणसं का ठेवायची त्यात?"

तो हसला. त्याला वाटलं, बाई घासाघीस करतेय. आत्याने त्याला चहा पाजला, दारापर्यंत सोडलं आणि त्याच संध्याकाळी, धावपट्टीच्या विरोधात वस्तीने काढलेल्या समितीत नाव दिलं.

घरात वणवा पेटला. बाबा कधी ताईपुढे आवाज चढवत नसत. म्हणजे आमच्या हिशेबाने चढवत नसत. त्या दिवशी म्हणाले, "तिसरी धावपट्टी आली तर मला बढती आहे. वस्तीतल्या पोरांना नोकऱ्या आहेत. तू माझ्या पोटावर पाय देतेयस, ताई."

"तुझ्या पोटावर नाही रे धाकट्या. तुझं आहे ते राहू दे, माझं काही म्हणणं नाही. आणखी नको, एवढंच म्हणतेय."

"कशासाठी? आईच्या पुटपुटण्यासाठी?"

आत्या उठून दुकानात गेली आणि काच कापायला लागली. त्या दिवसापासून बहीण-भावाचं बोलणं बंद झालं. बाबा मागच्या जिन्याने ये-जा करू लागले. निरोप माझ्या आईमार्फत जायचे आणि आई दोघांना सुनवायची, "मी काय टपालपेटी आहे?"

धावपट्टीवर निर्णय द्यायला सरकारने आयोग नेमला. अध्यक्षपदी एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. लोकांचं म्हणणं ऐकायची सुनावणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका आलिशान हॉटेलात ठरली. तिथे वातानुकूलित गारवा, जाड गालिचे. आत्या आयोगाच्या कचेरीत गेली. कारकुनाने सांगितलं, जागा ठरलीय, आता बदलत नाही. आत्या त्याच्याशी बोलू लागली आणि अध्यक्षबाई स्वतः खोलीतून बाहेर आल्या.

"कोण ओरडतंय?"

"कुणी नाही हो, मीच बोलतेय."

"मग एवढ्या मोठ्याने का बोलता?"

आत्या चपापली. "मोठ्याने बोलतेय का? आमच्याकडे याला हळू म्हणतात. तुम्ही एकदा या तर खरं."

अध्यक्षबाईंनी कारकुनाकडून सुनावणीचं वेळापत्रक मागून घेतलं. आणि एक दिवसाची सुनावणी आमच्या शाळेच्या सभागृहात घ्यायचं ठरलं.

समितीतल्या एका हुशार वकिलाने सुचवलं, आजीला तिथे गायला लावू. वर्तमानपत्रात छान फोटो येईल. आत्या अशी उसळली की वकिलाने फाईल छातीशी धरली. "माझी आई म्हणजे काय खेळ आहे? ती कुणासाठी गात नाही. स्वतःसाठी गाते." विषय तिथेच संपला.

आता शाळेच्या त्या सभागृहाला दुहेरी तावदानं होती. मुलांना शिकता यावं म्हणून आत्यानेच ती पूर्वी बसवली होती. सुनावणीच्या सकाळी ती शिडी घेऊन मुख्याध्यापिकाबाईंकडे गेली.

"काचा काढते. धुवायच्यात."

"आजच?"

"आजच."

मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि किल्ली हातावर ठेवून आपल्या कामाला लागल्या.

मी पोचले तेव्हा सगळी तावदानं भिंतीला टेकवून, मधे कागद घालून नीट रचलेली होती. उघड्या चौकटींतून वारा येत होता. सभागृह गच्च भरलं. एका बाजूला आमची वस्ती, दुसऱ्या बाजूला विमानतळावरची माणसं, गणवेशात. त्यांच्यात माझे बाबा. कामगारांच्या वतीने धावपट्टीच्या बाजूने ते बोलणार होते. आईने आजीला पुढच्या रांगेत आणून बसवलं. घरी एकटी कुठे ठेवायची, म्हणून.

तो सभ्य अधिकारी बोलायला उभा राहिला. "मान्यवर, आमचा अभ्यास असं दाखवतो की नव्या धावपट्टीमुळे होणारा आवाज..."

विमान आलं. त्याचे ओठ हलत राहिले, मग थांबले. टेबलावरचे पेले किणकिणले. विमान गेलं. त्याने घसा साफ केला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा विमान. माणूस वाईट नव्हता, घामाघूम झाला. आमच्याकडचं कुणी हसलं नाही. आम्हाला यात हसण्यासारखं काही दिसतच नव्हतं. आम्ही फक्त थांबत होतो, सवयीने.

अध्यक्षबाईंनी खिडक्यांकडे पाहिलं. "इथल्या काचा कुठे आहेत?"

आत्या उभी राहिली. "मी काढल्या, बाई. लपवत नाही. तुम्ही म्हणाल तर आत्ता बसवायला घेते."

विमानतळाच्या बाजूने गलका झाला. अध्यक्षबाईंनी हात वर केला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "बाहेर गल्लीत कुठे काचा आहेत?"

मग एकेक जण बोलत गेला. पुढच्या रांगेत आजी आपली बसली होती, मांडीवरच्या रुमालाच्या कडेचा दोरा ओढत. अध्यक्षबाईंची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"आजी, तुम्हाला काही सांगायचंय का?"

आजी गोंधळली. "नाही हो. मी आपली गातेय."

"काय गाताय? ऐकू येत नाहीये."

आजीने बोट वर केलं. "येईल की. थांबा जरा. हे जाऊ दे."

विमान गेलं. आजी गात होती. तिने काही नव्याने सुरू केलं नाही, आवाज चढवला नाही. जिथे होती तिथूनच पुढे. पुढचं विमान नेमकं जरा लांबलं होतं आणि सगळे कान देऊन होते; तिचा तो बारीक, स्वच्छ सूर सभागृहात पसरला आणि मी पाहिलं, माणसं एकामागून एक निश्चल होत गेली. गणवेशातली, बिनगणवेशातली. शिंपीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. टिपणं घेणाऱ्याचं पेन थांबलं. मी ते गाणं आधी ऐकलं होतं, तरी मला वाटलं, आपण एखाद्या उंच कड्याच्या टोकाशी उभे आहोत आणि खाली केवढं तरी अथांग पसरलंय. एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं, आणि विमान आलं. आजी थांबली नाही. तिचे ओठ हलत राहिले, मान हलत राहिली, डोळे अर्धे मिटलेले. आवाज तेवढा पुसला गेला. सगळं सभागृह तिच्या ओठांकडे पाहत होतं. विमान गेलं तेव्हा ती तिसऱ्या कडव्यात होती. मधलं आम्हाला कधीच मिळालं नाही.

गाणं संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आजी पुन्हा दोऱ्याला लागली.

आत्या भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिची बोलायची पाळी आली तेव्हा तिने नुसती मान हलवली. भोंगा त्या दिवशी वाजलाच नाही.

मग बाबांना पुकारलं. ते कागद हातात घेऊन पुढे आले, ध्वनिवर्धकाशी उभे राहिले. कागदाकडे पाहिलं. आजीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ओळखीच्या घरात आपल्याला कधी न सापडलेली खोली सापडावी, तसा.

"मी विमानतळावर काम करतो," ते म्हणाले. "माझं काम मला आवडतं. पण आज मला काही बोलायचं नाही."

कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली. गणवेशातल्या माणसांकडे न जाता ते पुढच्या रांगेत आजीशेजारी जाऊन बसले. त्याचं त्यांना भोगावं लागलं. कामावर कित्येक महिने कुणी त्यांच्याबरोबर डबा खाल्ला नाही. बढती दुसऱ्याला मिळाली. ते घरी एका शब्दाने बोलले नाहीत.

सभा उठल्यावर आत्याने तावदानं बसवायला घेतली. बाबा गणवेशाच्या बाह्या सरसावून गेले आणि शिडी धरून उभे राहिले.

"घट्ट धर," आत्या म्हणाली. "पाडशील मला."

"पाडायचं असतं तर कधीच पाडलं असतं," बाबा म्हणाले. एवढ्यावर समेट झाला.

आयोगाने तिसऱ्या धावपट्टीच्या विरोधात मत दिलं. सरकारने तो अहवाल बराच काळ दाबून ठेवला, मग बेत "तूर्त" रद्द केला. हा तूर्त शब्द आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. खालच्या गल्ल्या वाचल्या. ज्यांना नोकरीची आशा होती, अशी काही मुलं दुसऱ्या शहरांत गेली. त्यांचे आईबाप आत्याला अजून तिरक्या नजरेने बघतात. ती ते खाली मान घालून सोसते. आधीची विमानं आहेत तशीच आहेत. फक्त रविवारी सकाळी ती पलीकडच्या बाजूने उतरवायची, एवढं आयोगाने मान्य करून घेतलं. आजी आणखी काही वर्षं जगली. त्या सगळ्या रविवारी बाबा तिच्या खोलीत असायचे.

गेल्या वर्षी लांबच्या एका शहरातून आत्याला बोलावणं आलं. तिथेही विमानतळ वाढवायचा घाट होता आणि लोकांना तिला ऐकायचं होतं. रस्त्याने वेळेत पोचणं शक्य नव्हतं. मी तिकिटं काढली. आत्याचा तो पहिलाच विमानप्रवास. मला वाटलं, कुरकुर करेल, निदान संकोचेल. विमान धावत सुटलं आणि जमिनीवरून उचललं गेलं तशी तिने माझं मनगट पकडलं. शहर खाली तिरकं झालं. रस्ते दोऱ्यांसारखे, घरं काडेपेट्यांसारखी. मग आम्ही ढगांत शिरलो आणि ढगांच्याही वर निघालो. वर नुसता उजेड होता, खाली पांढऱ्या डोंगरांच्या रांगाच रांगा. आत्या कपाळ खिडकीला टेकवून बघत होती.

"बाई गं," ती म्हणाली. तिच्या मानाने अगदी हळू. पुढच्या तीन रांगांनी मागे वळून पाहिलं. "काय करून ठेवलंय माणसानं!"

मला हसू आलं. "आणि तू याच्या विरोधात भाषण करायला चाललीयस."

"याच्या नाही गं," ती खिडकीतून डोळे न काढता म्हणाली. "समुद्र काय कमी सुंदर असतो? म्हणून तो स्वयंपाकघरात येऊ द्यायचा का?"

मग उतरेपर्यंत ती खिडकीपासून हललीच नाही. चहा आला, तोही घेतला नाही. सबंध प्रवास मान एकाच बाजूला वळवून बसली. दुसऱ्या दिवशी त्या शहरात तिने मान अवघडलेल्या अवस्थेत, डावीकडे बघतच भाषण केलं. उजवीकडच्या लोकांना वाटलं, बाई आपल्यावर रागावलीय.